बोअरच्या पाण्यात डाळ शिजेना आणि मेसनं पोट भरेना

या वेळचं पत्र, थोडं छोटं करून:

"ताई, मी मूळचा करमाळ्याकडचा, सोलापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सैफुलच्या पुढं आम्ही तिघं रूम करून राहतोय. दोन वेळची मेस २८०० रुपये, रविवारी संध्याकाळी बंद, आणि जेवून आलं तरी रात्री दहाला परत भूक लागते मग वडापाव नाहीतर ऑम्लेट पाव, असं करून मेसच्या वर हजारभर रुपये नुसते गाड्यावर जातात. रूमवर इंडक्शन आहे पण आईनं दिलेला कुकर त्यावर तापतच नाही. म्हणून पातेल्यात तूरडाळ, टोमॅटो, चिंच सगळं एकदम घालून लावलं, दीड तास झाला तरी डाळ तशीच टणक. चपात्या करायला गेलो तर दोन तास गेले आणि चार चपात्या झाल्या. एक रूम पार्टनर लिंगायत आहे, त्याला अंडं चालत नाही. पाणी रोज येत नाही त्यामुळं भांडी कोण घासणार यावरून वाद. आणि गावाकडं सांगितलं की आम्ही स्वयंपाक करायलोय, तर चुलत भाऊ हसतात. कमी पैशात, कमी भांड्यात, रोज जमेल असं काय करू? – रूम नंबर चार"

अरे रूम नंबर चार,

आधी चपातीचं बोलू. सोड ती. आजच्या आज सोड. रूमवर स्वयंपाक सुरू करणारी पोरं बंद का पडतात माहितीये का, डाळ-भातानं नाही पडत, चपातीनं पडतात. कणीक मळा, लाटा, भाजा, ओट्यावर पीठ, परात घासा, पोळपाट घासा, आणि खायला सुरू होईपर्यंत कालवण गार. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतंच की चल बे खाली जाऊन काहीतरी खाऊ, झालं, संपला स्वयंपाक. तू सोलापुरात राहतोस, इथं भाकरी विकत मिळते, गल्लीगल्लीत बायका ज्वारीची भाकरी थापून विकतात, आणि कडक भाकरी तर पॅकेटात मिळते जी कोरडी ठेवली तर आठवडे न् आठवडे टिकते. ज्या शहरात ही सोय आहे तिथं इंजिनिअरिंगच्या पोरानं लाटणं हातात घ्यायचं कारणच नाही. तुम्ही फक्त कालवण आणि भात करायचा. हे एवढंच ठरवलं ना तर निम्मा त्रास गेला.

करमाळ्याला घरी जाणारा कोणी असेल तर आईला सांगून तिच्याकडूनच कडक भाकरी करून आणा, पातळ थापून मंद आचेवर पार वाळेपर्यंत भाजलेली. स्टीलच्या डब्यात ठेव, पावसाळ्यात मऊ पडली तर तव्यावर परत दोन मिनिटं टाक, पहिल्यासारखी कडक होते. खायची कशी ते तुला सांगायला नको, गरम आमटीत कुस्करून, नाहीतर दही, शेंगाची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. कसलाही स्वयंपाक न करता झालेलं हे जेवण आहे आणि परीक्षेच्या आठवड्यात याला तोड नाही.

आता डाळ. तुझी चूक एक नाही, तीन आहेत, आणि तिन्ही एकाच वेळी केल्यास म्हणून ती दीड तासात पण शिजली नाही.

पहिली, कुकर. आईचा कुकर साध्या अॅल्युमिनियमचा असणार, इंडक्शन भांड्याच्या बुडात चुंबकानं करंट तयार करून ते तापवतं, साध्या अॅल्युमिनियमवर ते काम करत नाही. दुकानात जाताना फ्रीजवर चिकटवायचा चुंबक खिशात घालून जा, बुडाला घट्ट चिकटला तर चालेल, नाही चिकटला तर दुकानदार काय वाट्टेल ते सांगू दे, घेऊ नको. तिघांना तीन लिटरचा इंडक्शन बेसचा कुकर पुरतो. आईचा कुकर परत पाठवून दे, तिला वापरता येईल. आणि कुकर लागतोच, कारण उघड्या पातेल्यात पाणी १०० डिग्रीच्या वर जात नाही, कुकरमध्ये दाबामुळं ते १२० च्या आसपास जातं, तेवढ्या वीस डिग्रीत तासाचं काम पंधरा-वीस मिनिटात होतं.

दुसरी, पाणी. सैफुलच्या पुढं म्हणजे तुमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येत असणार आणि मधे सगळं बोअरवर चालत असणार. बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं डाळीचं साल आणि आतला भाग मऊ पडायलाच वेळ लागतो. बादलीवर, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो ना, तेच. म्हणून डाळ, मटकी, हरभरे यांना तरी प्यायचं पाणी वापर. धुवायला बोअरचं, भिजवायला आणि शिजवायला प्यायचं. तिघांच्या डाळीला दीड लिटरच्या आत काम भागतं, त्यात काटकसर नको करू.

तिसरी, टोमॅटो आणि चिंच आधीच घातलीस. आंबट पडलं की डाळ शिजायची थांबते, हे तुझ्या आईला विचार, ती कधीच चिंच आधी घालत नसेल. आधी नुसती डाळ, हळद, चार थेंब तेल. तेलानं फेस कमी येतो आणि शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. डाळ लावताना कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, हे कुकरवर लिहिलेलं असतंय पण कोणी वाचत नाही. डाळ शिजून घोटून झाली की मग टोमॅटो, चिंच, मीठ, गूळ, काय पाहिजे ते.

तर तिघांसाठी रोजचं माप सांगते. एक मोठी वाटी डाळ, साधारण १५० ग्रॅम. नुसती तूर घेऊ नको, महाग पडते आणि वेळ पण जास्त लागतो, निम्मी तूर निम्मी मसूर घे, नाहीतर मूग. अर्धा तास भिजवून ठेव, कॉलेजवरून आल्या आल्या भिजव आणि मग तोंड धू. डाळ आणि भात एकाच वेळी लावता येतात, कुकरमध्ये खाली डाळ, वर डब्यात तांदूळ, दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी. तीन लिटरच्या कुकरात जागा अडचणीची वाटली तर भात पातेल्यात लाव, नाहीतर सरळ खिचडी.

आता फोडणी, कारण खरा स्वयंपाक हाच, बाकी सगळं शिजवणं आहे. इंडक्शन ८०० वर ठेव, जास्त नको, इंडक्शनवर तेल इतक्या झटक्यात तापतं की मोहरी शोधेपर्यंत धूर निघतो. म्हणून आधी सगळं काढून ठेव, कांदा चिरलेला, लसूण ठेचलेला, डबे उघडलेले. दोन चमचे तेल, एक मोहरी टाकून बघ, ती तडतडली की बाकीची टाक. मोहरी उडायची थांबली की जिरं, मग लगेच लसूण, लसणाची कड तांबूस झाली की कढीपत्ता, आणि इथं इंडक्शन बंद. हो, बंद. हळद, तिखट, हिंग बंद केल्यावर टाकायचं, तापलेल्या तेलात ते दहा सेकंदात होतं, आणि चालू ठेवलं तर तिखट जळून काळं पडतं न् सगळी डाळ कडू होते. लगेच वरून डाळ ओत, परत चालू कर, पाणी घालून दोन उकळ्या काढ. तिखटाऐवजी सोलापुरी काळा मसाला घातलास तर आमटी, वर मूठभर शेंगाचं कूट घातलंस तर अजून दाट आमटी. हीच फोडणी पिठल्याला, हीच मटकीला, हीच चुरमुऱ्याच्या सुशील्याला. एक फोडणी हातात बसली की बाकी यूट्यूब बघायची गरज नाही.

पिठलं तर दहा मिनिटाचं काम. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, पण बेसन आधी गार पाण्यात कालवून घे म्हणजे गुठळ्या होत नाहीत. फोडणीत कांदा, हिरवी मिरची, त्यावर हे पाणी, हलवत राहा, बुडबुडे फुटायला लागले की झाकून पाच मिनिटं. भाकरीबरोबर खा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते ना, त्या वेळी हेच.

सकाळच्या नाश्त्याला सुशीला कर. घरी खाल्लाच असशील, चुरमुऱ्याचा. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढायचे, भिजत ठेवायचे नाहीत, लगदा होतो. फोडणीत कांदा, मिरची, शेंगदाणे, त्यात पिळलेले चुरमुरे, वरून पंढरपुरी डाळ्याचं कूट आणि लिंबू. गाड्यावरच्या एका प्लेट पोह्याच्या पैशात तिघांचं होतं. आणि घासायला एक कढई.

शेंगाची चटणी विकत मिळते, चांगली मिळते, पण विद्यार्थ्याच्या खिशाला घरी केलेली निम्म्यात पडते. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर भाज, घाई करू नको, सालावर डाग पडले की काढ, गार झाले की चोळून साल पाखड. मग पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, जिरं, मीठ. खरी चटणी उखळात कांडतात, त्यात शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि गोळा बसतो. तुमच्याकडं उखळ नाही, मग मिक्सर, पण एकसारखा फिरवायचा नाही, चालू-बंद, चालू-बंद. सलग फिरवलास तर दोन मिनिटात त्याचं लोणी होईल आणि मग ते ब्रेडला लावायच्या कामाचं. मिक्सर नसेल तर शेंगदाणे भाजून घरमालकीण काकूंकडं घेऊन जा, एक वाटी चटणी त्यांना दे, कोणी नाही म्हणत नाही.

शेंगदाण्याचं सांगायचं कारण म्हणजे तुझी रात्री दहाची भूक. मेसमधल्या पाण्यासारख्या डाळीत प्रोटीन फार कमी असतं, पोट तात्पुरतं भरतं आणि परत रिकामं. मूठभर शेंगदाण्यात, म्हणजे ३० ग्रॅममध्ये, साधारण सात-आठ ग्रॅम प्रोटीन असतं, एका अंड्यात सहा. म्हणजे तुमच्या लिंगायत मित्राला अंडं नाही म्हणून काही कमी पडत नाही. डाळ-भात, वर चटणी, एक वाटी मटकीची उसळ, तो तुमच्यापेक्षा धडधाकट राहील. मटकी रात्री भिजव, सकाळी पाणी काढून फडक्यात बांध, सोलापूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत अजून एक दिवस धर. तुम्हा दोघांना अंडं खायचं असेल तर त्याच्यासमोर, त्याच कढईत करू नका. वेगळा छोटा तवा घ्या, वेगळा उलथना, आणि ते धुवायचं काम पण तुमचंच. आपल्याकडं घराघरात हे पाळतात, रूमवर पाळायला काय जड आहे? उकडलेली अंडी गाडीवर मिळतात, तिथंच खाऊन या, अजून सोपं.

भांड्यांचं भांडण तुम्ही ज्या दिवशी भांडी कमी कराल त्या दिवशी मिटेल. एक कुकर, एक कढई, एक चमचा, तीन ताटल्या, तीन पेले. तवा आणि एखादं पातेलं सोडलं तर याच्यापेक्षा जास्त रूमवर ठेवूच नका, जेवढी भांडी असतात तेवढी घाण होतात. ज्यानं शिजवलं तो घासणार नाही, हा नियम. तिसऱ्यानं बाजार आणि हिशोब. दर आठवड्याला बदला. आणि खाऊन उठलं की लगेच कुकरमध्ये तांब्याभर पाणी ओतून ठेवा, वाळलेला भात घासायला एक बादली लागते, भिजलेल्याला दोन तांबे. भाजी धुतलेलं पाणी एका टोपात धरून ठेवा, पहिलं खळबळायला तेच.

एक गोष्ट मात्र काटकसरीत बसवू नको. तुमच्याकडं फ्रीज नाही असं धरून बोलते. मार्च ते जूनमध्ये इथं कडक उकाडा असतो, एप्रिल-मेमध्ये तर पारा चाळीसच्या वर जातो, रात्रीचा भात सकाळपर्यंत बाहेर ठेवून फोडणी देऊन खायचा हा गावाकडचा प्रकार या दिवसात अजिबात नको. शिजलेल्या भातात बाहेर जे जंतू वाढतात त्यांनी सोडलेलं विष परत गरम केलं तरी जात नाही, मग उलट्या. उन्हाळ्यात एका वेळेचंच शिजवा, उरलं तर खालच्या गाईला. डिसेंबर-जानेवारीत डाळ रात्रीची सकाळी चालते, ती पण चांगली खळखळून उकळून, भाताची मात्र थंडीत पण सवय नको.

लाईटचं. इंडक्शनवर २००० वॅट लिहिलेलं असलं तरी तू ८०० ते १२०० च वापर. १२०० वर अर्धा तास म्हणजे ०.६ युनिट, दिवसाला एक युनिटच्या आसपास, मालकांना आधीच सांगून टाका आणि वेगळे पैसे द्या, चोरून वापरलं की एक दिवस भांडण होतंच. बारक्या एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, चुकून २००० वर गेलं तर ६ अँपियरची पिन तेवढा लोड धरत नाही, गरम होऊन वितळू शकते. भिंतीतलं मोठं, १६ अँपियरचं सॉकेट बघ. गॅस घ्यायचा विचार असेल तर पाच किलोचा छोटा सिलेंडर कंपनीच्या वितरकाकडं नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. चौकात मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत भरून देतात त्याच्या नादी लागू नका, बेकायदा आहे आणि धोक्याचं आहे.

बाजार आठवड्यातून एकदा. किराणा महिन्याचा एकदम, गावातल्या होलसेल दुकानातून. भाजीला लक्ष्मी मंडईत जायचं तर आठवड्याची घेऊन या, एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी सैफुलवरून गाडी काढली तर पेट्रोलमध्येच गेले. संध्याकाळी उशिरा गेलास की पालेभाजी उतरत्या भावात मिळते, बाईला घरी जायचं असतं. पण पालेभाजी त्याच रात्री करायची, पालक आणि डाळ एकत्र शिजवून घोटायचा, लसणाची फोडणी, म्हणजे आपली मुद्दा भाजी. कांदा थंडीत जास्त घ्या, सोलापूरच्या मार्केट यार्डात डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक तुफान असते आणि भाव पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, घाम सुटून सडतो, टोपलीत उघडा ठेवा.

पैशाचा हिशोब विचारलायस म्हणून. मेस पूर्ण सोडू नको असं माझं मत आहे. दुपारी कॉलेज, प्रॅक्टिकल, उन्हात रूमवर येऊन कोण शिजवणार? एका वेळची मेस ठेवा, संध्याकाळचं रूमवर. तिघांना महिन्याला डाळ चार किलो, तांदूळ आठ किलो, शेंगदाणे दोन किलो, तेल दोन-अडीच लिटर, बेसन-चुरमुरे-मसाला वेगळं, आणि भाजी. भाकरी सगळी विकत आणली तर सगळ्यात मोठा खर्च तिचाच निघेल, म्हणून घरून येईल तेवढी आणा आणि आठवड्यातले तीन दिवस भातावर काढा. असं केलंस तर माझ्या अंदाजानं माणशी हजार-बाराशेत संध्याकाळ आणि नाश्ता दोन्ही बसतं, भाव वर-खाली झाले तर थोडं इकडं तिकडं. गाड्यावर जाणारा हजार वाचला तर यातच निघतं. पहिल्या महिन्यात कुकर, कढई, डबे यांचा खर्च जास्तीचा येईल तो तिघांत वाटा आणि आत्ताच कागदावर लिहून ठेवा की रूम सुटल्यावर कुकर कोणाचा, नाहीतर शेवटच्या वर्षी त्यावरून वाद.

राहिले चुलत भाऊ. ते हसतात तर हसू देत. त्यांना सोलापूरला बोलव एका रविवारी संध्याकाळी, मेस बंद असते तेव्हा, पिठलं भाकरी वाढ, आणि जेवण झालं की भांडी त्यांच्यापुढं सरकव. ज्यानं शिजवलं तो घासत नाही.